केबल जोडण्याआधी

ओळखीच्या एका छापखान्यातून एक जुना ४८६ संगणक माझ्याकडे आला. त्याच्या हार्डडिस्कवर सात-आठ वर्षांचा मराठी मजकूर होता. लग्नपत्रिका, स्मरणिका, एका वाचनालयाचे वार्षिक अहवाल, आणि छापील प्रत आता कोणाकडेच न उरलेला एक स्थानिक दिवाळी अंक. फ्लॉपी ड्राइव्ह गंजला होता. मागच्या बाजूला मात्र नेटवर्क कार्ड दिसत होते. मग काय, घरातली केबल त्यात खोचायची, दुसरे टोक राउटरला लावायचे आणि फायली लॅपटॉपवर ओढून घ्यायच्या, असे मला वाटले. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, राउटर चालू-बंद करून पाहिला. चौथ्या दिवशी कार्ड बाहेर काढून भिंगाखाली धरले तेव्हा कळले की ज्या भोकात मी केबल खोचत होतो, ते भोक एका जम्परने, म्हणजे पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीने, बंदच करून ठेवलेले होते. कार्ड त्याच्या शेजारच्या गोल कनेक्टरवरच बोलत होते आणि तिथे ऐकायला कोणी नव्हते.

जुनी यंत्रे नेटवर्कवर आणताना होणारा बहुतेक त्रास असाच असतो. दोन संगणकांमध्ये एक ओळ जाण्यासाठी कनेक्टर, केबल, कार्ड, कार्डाचा इंटरप्ट, ड्रायव्हर, प्रोटोकॉल आणि पलीकडच्या यंत्राची तयारी ही सगळी साखळी एकाच वेळी नीट असावी लागते. यातली कोणतीही एक कडी तुटली तरी पडद्यावर दिसते ते सारखेच, म्हणजे काहीच नाही. म्हणून प्रत्येक कडी आधी स्वतंत्रपणे तपासून घ्यायची आणि कागदावर लिहायची. मी आता केबलला हात लावण्याआधी एक कोरा कागद घेतो. या प्रकरणात तो कागद कसा भरायचा ते पाहू.

पहिली नोंद विजेची. जुने संगणक आपल्याकडे अनेकदा अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या सामानातून आलेले असतात. पॉवर सप्लायच्या मागे ११५ आणि २३० अशी लाल सरकपट्टी असेल तर ती २३० वर आहे का, हे प्लग लावण्याआधी पाहायचे. ११५ वर राहिलेली पट्टी आपल्या विजेवर पॉवर सप्लाय जाळते. सरकपट्टी नसेल तर लेबलवर छापलेला व्होल्टेज वाचायचा. मग झाकण उघडून मदरबोर्डवरची बॅटरी पाहायची. त्या काळातल्या अनेक बोर्डांवर निकेल-कॅडमियमची निळी पिंपासारखी बॅटरी सोल्डर केलेली असे. ती गळली की हिरवट क्षार पसरतात आणि तांब्याच्या रेषा खातात. अशी बॅटरी दिसली की नेटवर्कचा विचार बाजूला ठेवून आधी तीच काढायची.

दुसरी नोंद एका प्रश्नाच्या उत्तराची. नेटवर्क खरोखर लागणार आहे का? हार्डडिस्क आयडीई जातीची असेल तर ती काढून यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडता येते आणि तिची पूर्ण प्रत घेता येते. हा मार्ग चालत असेल तर तोच आधी वापरावा, कारण जुनी डिस्क किती वेळा फिरेल याची खात्री नसते. पण सुरुवातीच्या आयडीई डिस्क अनेक यूएसबी अडॅप्टरांना ओळखता येत नाहीत. त्यांचा हिशेब सिलिंडर, हेड आणि सेक्टर असा तीन आकड्यांचा असतो, आणि अडॅप्टर मात्र सलग क्रमांकाची अपेक्षा धरतो. त्याहून जुन्या एमएफएम डिस्कला तर असा अडॅप्टर जोडताच येत नाही. माझ्या छापखान्याच्या डिस्कनेही अडॅप्टरला दाद दिली नाही, म्हणून नेटवर्क.

आता कार्ड. ते बाहेर काढायचे आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्यायचे. त्यावर ठळक छापलेले नाव फारसे कामाचे नसते. नोव्हेलच्या एनई२००० या कार्डाच्या इतक्या नकला निघाल्या की ते नाव कंपनीचे न राहता एका जातीचे झाले. खरी ओळख असते सर्वांत मोठ्या चौकोनी चिपवर. रिअलटेक ८०१९ असे काही दिसले तर ते एनई२००० च्या जातीचे. थ्रीकॉमची इथरलिंक थ्री मालिका, वेस्टर्न डिजिटलची ८००३ आणि ८०१३ ही कार्डे वेगळ्या कुळातली. त्यांचे ड्रायव्हर वेगळे आणि स्वभावही वेगळे. अमेरिकेत विकायला परवानगी मिळालेल्या कार्डांवर एफसीसी क्रमांक छापलेला असतो, त्यावरून निर्मात्याचा छडा लागतो. कार्डाचा बारा अंकी हार्डवेअर पत्ताही स्टिकरवर असतो. त्याचे पहिले सहा अंक निर्मात्याला नेमून दिलेले असतात. तो पत्ता कागदावर उतरवून ठेवायचा. पुढे ड्रायव्हर चालू झाल्यावर पडद्यावर तोच पत्ता आला, तर आपण योग्य कार्डाशी बोलतो आहोत याचा तो पुरावा.

कार्डाच्या मागच्या पट्टीवरची भोके फसवी असतात. पंधरा पिनांचा रुंद कनेक्टर हा इथरनेटचा एयूआय असू शकतो किंवा साउंड कार्डावरचा जॉयस्टिकचा पोर्टही. दोघांचा आकार एकच. एयूआयवर सरकती खिटी असते, त्यावरून तो ओळखायचा. नऊ पिनांचे भोक टोकन रिंगचे असू शकते. टोकन रिंगच्या काही कार्डांवर तर आजच्या लॅन केबलचे भोक असते, त्यात आपली केबल मजेत बसते आणि काहीही होत नाही. कारण पलीकडे इथरनेट असते आणि अलीकडे ४ किंवा १६ मेगाबिटचे वेगळेच नेटवर्क.

सर्वांत जास्त गफलत गोल कनेक्टरवर होते. तो बीएनसी कनेक्टर. नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या संगणक वर्गांत आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांत काळ्या कोएक्स केबलची माळ एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जात असे. प्रत्येक यंत्रामागे एक टी आणि माळेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर. कोणाच्या पायाने एक टी सुटला की आख्खी रांग बंद पडे. या पद्धतीचे औपचारिक नाव टेन बेस टू. वेग सेकंदाला १० मेगाबिट, एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त ३० यंत्रे आणि दोन टींमध्ये किमान अर्धा मीटर अंतर. हे आकडे पाळावे लागतात, पण घरच्या दोन यंत्रांसाठी त्यांच्या जवळपासही आपण जात नाही. घरी आपल्याला फसवते ती केबलची जात.

दिसायला अगदी सारख्या तीन केबली असतात. आरजी-५८ ही ५० ओहमची, आणि टेन बेस टूला हीच लागते. आरजी-५९ ही ७५ ओहमची, टीव्हीच्या कामाची. आरजी-६२ ही ९३ ओहमची, आर्कनेट नावाच्या २.५ मेगाबिटच्या जुन्या नेटवर्कसाठी वापरली जाणारी. तिन्हींवर बीएनसी कनेक्टर बसतो, तिन्ही काळ्या असू शकतात, आणि जुन्या कार्यालयाच्या पेटीतून तिन्ही एकत्र गुंडाळलेल्या निघतात. चुकीची केबल लावली की सिग्नलचा काही भाग सांध्यावरून उलटा फिरतो. कधी फाइल जाते, कधी निम्म्यावर तुटते. अजिबात न चालणाऱ्या जोडणीपेक्षा अशी अर्धवट चालणारी जोडणी शोधायला कितीतरी अवघड. हा ओहमचा आकडा मल्टिमीटरने केबलवर मोजता येत नाही, कारण तो साध्या रोधाचा आकडा नाही. वेष्टनावर बारीक अक्षरात छापलेले असते तेच वाचायचे.

मल्टिमीटर कामाला येतो तो पूर्ण माळेसाठी. सगळी यंत्रे बंद ठेवायची, माळ जोडायची, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लावायचे आणि मधल्या एखाद्या टीच्या मोकळ्या तोंडावर आतली पिन आणि बाहेरचे कडे यांच्यात रोध मोजायचा. साधारण २५ ओहम आला तर माळ ठीक, कारण ५० चे दोन रोध समांतर जोडलेले आहेत. ५० आला तर एक टर्मिनेटर गायब आहे किंवा त्या बाजूला केबल तुटली आहे. शून्याजवळ आला तर कुठेतरी आतली तार कड्याला टेकली आहे. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी तीन संध्याकाळी वाचवते. जुन्या तंत्रात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. इथे नेटवर्क हातात धरून मोजता येते.

कार्डावर आजच्या लॅन केबलचे भोक असेल, म्हणजे टेन बेस टी, तर काम सोपे, पण दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे मी ज्यात अडकलो ती. एकाच कार्डावर दोन-तीन कनेक्टर असतील तर कोणता चालू आहे हे जम्पर ठरवतो किंवा कार्डासोबतच्या फ्लॉपीवरचा सेटअप प्रोग्रॅम. दुसरी म्हणजे पलीकडचा स्विच १० मेगाबिटला उतरतो का. घरगुती राउटर आणि साधे स्विच बहुधा उतरतात. अलीकडच्या जास्त वेगाच्या काही पोर्टांनी मात्र १० चा वेग सोडून दिला आहे, तेव्हा माहितीपत्रकात १०/१००/१००० असे तिन्ही आकडे आहेत का ते वाचायचे. जुने कार्ड सरळ आजच्या लॅपटॉपला जोडायचे असेल तर साधी केबल चालते, कारण गिगाबिट पोर्ट तारांची अदलाबदल स्वतः ओळखतो. दोन जुनी कार्डे थेट एकमेकांना जोडायची असतील तर क्रॉस केबल लागते.

आता यंत्राच्या आत. आयसा स्लॉटमधल्या कार्डाला दोन गोष्टी स्वतःच्या मालकीच्या लागतात. एक इनपुट-आउटपुट पोर्टचा पत्ता आणि दुसरा इंटरप्ट क्रमांक, म्हणजे प्रोसेसरला वर्दी देण्याची ओळ. यांतली एकही दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेता येत नाही, असे धरूनच चालायचे. एनई२००० कार्ड कारखान्यातून ३०० हेक्स पत्ता आणि इंटरप्ट ३ घेऊन येत असे. इंटरप्ट ३ दुसऱ्या सिरिअल पोर्टचाही असतो. तिथे मोडेम असेल तर टक्कर ठरलेली. मग ५ निवडावा, तर साउंड ब्लास्टर तिथे बसलेले असू शकते. ७ वर प्रिंटर. १०, ११ किंवा १२ बहुधा मोकळे असतात, पण ते फक्त लांब, सोळा बिटच्या स्लॉटमध्ये मिळतात. आखूड, आठ बिटच्या स्लॉटवर हे तिन्ही पोहोचतच नाहीत.

पत्त्याचा सापळा आणखी सूक्ष्म. एनई२००० जातीच्या कार्डाला एक पत्ता पुरत नाही, सलग ३२ लागतात. ३६० हेक्स निवडला तर कार्ड ३७एफ पर्यंतची जागा घेते, आणि ३७८ वर प्रिंटर पोर्ट राहतो. ३२० निवडला तर ३३० वरचा साउंड कार्डाचा मिडी पोर्ट त्यात सापडतो. माझ्या अनुभवात ३४० बऱ्याच वेळा मोकळा असतो. मराठी छापखान्यांच्या आणि कार्यालयांच्या यंत्रांत आणखी एक पाहुणा असू शकतो. पुण्याच्या सीडॅकचे जिस्ट कार्ड. डॉसच्या पडद्यावर देवनागरी दाखवणारे हे कार्डही स्लॉटमध्ये बसते. ते काढून ठेवायचा मोह होतो. पण नेमके त्याच्यावर अवलंबून असलेले सॉफ्टवेअर आपल्याला उघडायचे असते, म्हणून त्याच्या जम्परचीही नोंद कागदावर हवी.

इंटरप्टची चूक ओळखायची एक खूण सांगून ठेवतो. ड्रायव्हर चालू होतो, कार्डाचा हार्डवेअर पत्ता बरोबर दाखवतो, आणि तरीही पलीकडून काहीही येत नाही. कारण तो पत्ता ड्रायव्हर पोर्टमधून स्वतः वाचतो, त्याला इंटरप्ट लागत नाही. बाहेरून पाकीट आल्याची वर्दी मात्र इंटरप्टनेच मिळते. तो चुकला असेल तर कार्डाच्या दारात पाकिटे येतात आणि घरात कोणाला कळत नाही.

हे सगळे आकडे अंदाजाने शोधण्याआधी डिस्कवरच्या फायली वाचाव्यात. डॉसमध्ये ‘व्हर’ आदेशाने आवृत्ती कळते, ‘मेम’ आदेशाने ६४० किलोबाइटपैकी किती मोकळे आहे ते कळते. डॉस ६ आणि विंडोज ३.१ सोबत आलेला एमएसडी हा तपासणी प्रोग्रॅम इंटरप्टची यादी दाखवतो, पण त्यात नेटवर्क कार्ड दिसेलच असे नाही. खरा ऐवज कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट या दोन फायलींत. या यंत्राला आधीच्या मालकाने काय काय शिकवले होते ते तिथे ओळीने लिहिलेले असते. छापखान्याच्या यंत्रात नोव्हेल नेटवेअर या जुन्या नेटवर्क प्रणालीच्या ओळी होत्या, आणि त्यांच्या शेजारी नेट डॉट सीएफजी नावाची छोटी फाइल. तिच्यात इंटरप्ट ५, पोर्ट ३४० आणि फ्रेमचा प्रकार, तिन्ही स्वच्छ लिहिलेले. कोणीतरी तीस वर्षांपूर्वी माझे काम करून ठेवले होते. मी ती फाइल उघडली नव्हती.

त्या फाइलमधला तिसरा शब्द, फ्रेम, नेटवेअरच्या जगात अनेकांना रडवून गेला आहे. नेटवेअर ३.११ पर्यंत ८०२.३ नावाची चौकट गृहीत असे. ३.१२ पासून ती ८०२.२ झाली. दोन यंत्रे एकाच केबलवर, एकाच प्रोटोकॉलवर, आणि तरी एकमेकांना अदृश्य. पाकिटावर पत्ता कुठल्या कोपऱ्यात लिहायचा यावरच त्यांचे एकमत नसे. आपल्याला नेटवेअर पुन्हा उभे करायचे नसेल तर त्या ओळींपुढे ‘रेम’ लिहून त्यांना झोपवायचे, कारण एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर चढले की दोन्ही बिघडतात. आणि नेटवेअरच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे आयपीएक्सवर, फायली न्यायचा विचार असेल तर तो आधीच सोडावा. लिनक्सच्या कर्नलमधूनही आयपीएक्स २०१८ साली काढले गेले.

डॉससाठी आज सर्वांत सरळ मार्ग पॅकेट ड्रायव्हरचा. हा अगदी छोटा ड्रायव्हर कार्ड सांभाळतो आणि वरच्या प्रोग्रॅमांना एकसारखे दार देतो. त्याच्यावर मायकल ब्रुटमन यांनी लिहिलेला एमटीसीपी हा टीसीपी/आयपीचा संच चालतो. तो अगदी पहिल्या आयबीएम पीसीच्या ८०८८ प्रोसेसरवरही चालतो, डॉस २.१ पुरते, आणि राउटरकडून पत्ताही आपोआप मागून घेतो. मेमरीबाबत एक तपासणी फक्त काही कार्डांसाठी. वेस्टर्न डिजिटलच्या ८००३ आणि ८०१३ सारखी कार्डे वरच्या मेमरीतला तुकडा वापरतात. ईएमएम३८६ या मेमरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरने तोच तुकडा आधी बळकावला असेल तर यंत्र गोठते, म्हणून तो भाग कॉन्फिग डॉट सिसमध्ये वगळावा लागतो. एनई२००० जातीला ही अडचण नाही, ती पोर्टमधूनच सगळे देते-घेते.

मग पलीकडचे यंत्र. विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११ किंवा विंडोज ९५ असलेले यंत्र ‘शेअर केलेला फोल्डर’ म्हणून आजच्या विंडोजला दिसावे, अशी अनेकांची इच्छा असते. ती पुरी करायला एसएमबी या फायली वाटून घेण्याच्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती लागते, आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० मध्ये ती मुळात बसवलेलीच येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने याच जुन्या दारातून जगभर शिरकाव केला होता. एका जुन्या डिस्कसाठी रोजच्या लॅपटॉपवर ते दार पुन्हा उघडू नये, असे माझे ठाम मत आहे. एमटीसीपीमध्ये एफटीपी सर्व्हर आहे, तो जुन्या यंत्रावर चालवावा आणि लॅपटॉपवरून फायली मागवाव्यात. लॅपटॉपवर त्यासाठी फाइलझिलासारखा वेगळा प्रोग्रॅम लागेल, कारण क्रोम आणि फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकले. एफटीपीचा पासवर्ड उघडाच जातो, म्हणून तिथे आपला नेहमीचा पासवर्ड लिहायचा नाही आणि हे सगळे घरच्या राउटरच्या आतच ठेवायचे.

मॅकिंटॉशची गोष्ट निराळी आहे. १९८५ पासून ॲपलच्या यंत्रांना नेटवर्क कार्ड न घेताच नेटवर्क मिळत असे. प्रिंटर पोर्टला लोकलटॉकची डबी लावायची, वेग सेकंदाला २३०.४ किलोबिट. इथे पहिली तपासणी पाठीमागच्या मॉडेल क्रमांकाची. सुरुवातीच्या मॅकवर नऊ पिनांचा पोर्ट होता, १९८६ च्या मॅक प्लसपासून आठ पिनांचा गोल पोर्ट आला. डबी ज्याची त्यालाच लागते. फॅरलॉनचे फोननेट हे साध्या टेलिफोनच्या तारेवर चालत असे. त्याच्या डब्यांत दोन भोके असतात, आणि टोकाच्या डबीत मोकळ्या राहिलेल्या भोकात रोधाचा टर्मिनेटर लावायचा. लोकलटॉक इथरनेटच्या भोकात थेट जात नाही, मध्ये पूल लागतो, आणि तो पूल बहुधा ॲपलचा स्वतःचा ॲपलटॉक प्रोटोकॉलच पलीकडे नेतो, टीसीपी/आयपी नाही. पलीकडचे यंत्र आजचा मॅक असेल तर २००९ च्या स्नो लेपर्डपासून त्याला ॲपलटॉक येत नाही. लिनक्सवर नेटॲटॉक हा पर्याय आहे, पण आवृत्ती पाहून. २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीने ॲपलटॉक सोडले, २०२४ च्या चौथ्या आवृत्तीने ते परत आणले. मधली आवृत्ती बसवून रात्रभर शोधत बसण्यात अर्थ नाही.

शेवटची नोंद मजकुराची, आणि मराठी फायली वाचवायच्या असतील तर ती सर्वांत महत्त्वाची. जिस्टवर टाइप केलेला मजकूर इस्की संकेतात असतो. त्या संकेताचे मानक १९९१ चे, आणि त्यात देवनागरी अक्षरे आठ बिटांच्या वरच्या अर्ध्या भागात राहतात. सात बिटांच्या वाटेने, उदाहरणार्थ चुकीच्या पॅरिटीच्या सिरिअल जोडणीने, फाइल पाठवली तर प्रत्येक अक्षराचा वरचा बिट गळतो आणि मराठीचा इंग्रजी कचरा होतो. एफटीपीमध्ये म्हणून आधी बायनरी प्रकार निवडायचा. इस्कीचे युनिकोड करता येते, कारण संकेत एकच आहे. विंडोजच्या काळातल्या डीटीपी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर मात्र ज्या-त्या फॉन्टच्या रचनेनुसार असतो. तिथे फाइलइतकाच तो फॉन्टही उतरवून घ्यावा लागतो, आणि कोणत्या फाइलला कोणता फॉन्ट हे जुन्या यंत्रावरच पाहून कागदावर लिहावे लागते. एकदा यंत्र बंद पडले की ते सांगणारे कोणी राहत नाही.

माझा कागद दोन्ही बाजूंनी भरला. मग जम्पर हलवला, कार्ड बसवले, इंटरप्ट ५ आणि पोर्ट ३४० सांगून पॅकेट ड्रायव्हर चालवला. पडद्यावर बारा अंकी पत्ता आला. स्टिकरवरून उतरवलेल्या पत्त्याशी तो एकेक अंक ताडून पाहिला. राउटरने यंत्राला क्रमांक दिला. पहिली फाइल मी मुद्दाम छोटी निवडली, एका लग्नपत्रिकेची. जुन्या यंत्रावर ‘डिर’ने दाखवलेला बाइटचा आकडा आणि लॅपटॉपवर उतरलेल्या फाइलचा आकडा सारखा निघाला, तेव्हा दिवाळी अंकाची फाइल मागवली.